बावन्न रविवार

बुफे की पंगत, यावरून माझं आणि आमोदचं नऊ दिवस भांडण चाललं होतं. आमोद हिंजवडीत मोठ्या कंपनीत आहे, पण पंधरा वर्षांपूर्वी अकोल्याहून आला तेव्हा माझ्याच खानावळीत जेवायचा आणि वरणात मीठ कमी म्हणून तोंड वाकडं करायचा. त्यामुळे त्याच्या पगाराचं मला काही कौतुक नाही. "काकू, चारशे लोक आहेत. फंडरेझिंग लंच आहे. डोनर लोक येणार. बुफे इज बेस्ट," हे त्याचं म्हणणं. माझं म्हणणं असं, की बुफेत माणूस ताट घेतो आणि कोपरा शोधतो. आपण पैसे जमवतोय तेच मुळी कोपऱ्यात एकट्याने बसणाऱ्या पोरांसाठी. निदान त्या दिवशी तरी सगळ्यांनी एका ओळीत बसावं, शेजारच्याच्या ताटात डोकावावं, वाढणाऱ्याला नको नको म्हणावं. शेवटी टेबल-खुर्चीची का होईना, पंगतच ठरली. म्हणजे मी जिंकले.

मी शालन गावंडे. माहेर-सासर दोन्ही अमरावतीकडचं. नवरा भोसरीच्या कारखान्यात लागला म्हणून पुण्यात आले, आणि कारखाना बंद पडला म्हणून पोळपाट हातात घेतला. शनिवार पेठेत माझी खानावळ सव्वीस वर्षं चालू आहे. जेवायला स्पर्धा परीक्षेची पोरं, बहुतेक आमच्या वऱ्हाडातलीच. समोर मला काकू म्हणतात, माझ्या पाठीमागे काय म्हणतात तेही मला माहीत आहे. मी तापट आहे. ते मी कधी लपवलेलं नाही.

हे जेवण होतं 'सोबत'साठी. कसबा पेठेत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं केंद्र आहे. अपेक्षा मेश्राम ते चालवते. तिशीची मुलगी, मानसशास्त्र शिकलेली, आवाज इतका हळू की आधी मला वाटलं हिचं कसं होणार. जगणं नकोसं झालेल्या पोरापोरींनी तिथे फोन करावा, नाहीतर सरळ जिना चढून जावं. पुण्यातल्या आम्हा विदर्भवाल्यांनी ठरवलं की 'सोबत'च्या वर्षभराच्या एका नव्या कामाचा खर्च आपण उचलायचा. आमोद आणि त्याच्या मित्रांनी जेवणाचे पास काढले. जेवणाच्या आठ दिवस आधीच सगळे खपले, वरून लोकांनी आपणहून जास्तीचं दिलं. पैशांची चिंता उरली नव्हती. अडलं होतं ते रविवारांवर.

पुण्यातल्या खानावळींचा रिवाज आहे, रविवारी दुपारी फीस्ट आणि रविवारी संध्याकाळी बंद. दुपारी पोरं गोडाधोडाचं जेवतात, संध्याकाळी शटर खाली. आठवड्याच्या चौदा जेवणांतली एवढीच एक वेळ आमची. अपेक्षाने एकदा बोलता बोलता सांगितलं, की 'सोबत'चा फोन सगळ्यात जास्त रविवारी संध्याकाळी वाजतो. अभ्यासिका लवकर रिकाम्या होतात, रूमवरचा जोडीदार गावाला गेलेला असतो, घरून आईचा फोन येतो आणि ती विचारते, जेवला का? पोरगं हो म्हणतं.

मला हे अपेक्षाने सांगायची गरज नव्हती. मला ते तिच्या आधीपासून माहीत होतं.

मूर्तिजापूरचा समाधान माझ्याकडे तीन वर्षं जेवला. दोन वर्षांपूर्वी, पूर्वपरीक्षेचा निकाल लागला त्या आठवड्यातल्या रविवारी, संध्याकाळी साडेसातला तो खाली येऊन उभा राहिला. मी वरच्या खिडकीतून डोकावले. तो म्हणाला, "काकू, जेवण नाही मागत. जरा बसू का आत?" मी म्हटलं, "बसायला हे काय बसस्टँड आहे? रविवार आहे ना आज!" आणि खिडकी लावून घेतली, कारण माझी मालिका सुरू झाली होती.

त्या रात्री समाधानने जीव द्यायचा प्रयत्न केला. रूमवरचा जोडीदार गावाहून एक दिवस आधी परतला, म्हणून तो वाचला. तीन आठवडे तो दवाखान्यात होता. तीन आठवडे मी दोन्ही वेळचा डबा घेऊन जात होते आणि कॉटशेजारी मुक्यासारखी बसत होते. शेवटी त्यानेच विषय काढला. "काकू, तुमच्यामुळे नाही झालं काही. तुम्हाला काय माहीत होतं?" मला रडू आवरेना. पुढे अपेक्षाही मला तेच सांगायची, की अशा गोष्टीला एकच एक कारण कधी नसतं, एका बंद दाराने कोणी मरत नाही; पण एका उघड्या दारामुळे कोणी थांबू मात्र शकतं. यातला पहिला भाग मला पटायला दोन वर्षं लागली. दुसरा ऐकताक्षणी पटला.

म्हणून ठरवलं, की दर रविवारी संध्याकाळी पेठेतली एक तरी खानावळ उघडी ठेवायची. साधी खिचडी-कढी. कार्ड नको, नाव नको, कारण सांगायला नको. 'सोबत'चं एक माणूस पोरांबरोबर तिथेच जेवायला बसेल. ते भाषण करणार नाही, पत्रकं वाटणार नाही. कोणी बोललं तर ऐकेल. शिधा 'सोबत'च्या निधीतून. मी आधी एकटीनेच उघडून बघितली, सहा रविवार. पोरं आली. सातव्या आठवड्यात कणीक मळताना कंबरेत अशी कळ निघाली की चार दिवस आडवी होते. एकटीचं काम नव्हतं ते.

पेठांमधल्या आम्हा खानावळवाल्यांचं, मी धरून तेवीस जणांचं, एक मंडळ आहे. अध्यक्ष तात्याराव. कसबा पेठेत त्यांची चाळीस वर्षांची खानावळ, दारावर पाटी, 'जेवण साधे आहे. आईच्या हाताशी तुलना करू नये.' मी मंडळात विषय मांडला. तात्यारावांनी शांतपणे इतिवृत्ताची जुनी वही उघडली. अकरा वर्षांपूर्वी एकाने रविवारी संध्याकाळी गुपचूप दार उघडून आमची पोरं पळवली होती, तेव्हा रान उठवलं होतं ते मीच. रविवारी कोणीही उघडायचं नाही हा ठरावही माझाच. तात्याराव चष्मा पुसून वाचू लागले.

"'रविवारची संध्याकाळ ही बाईच्या पाठीची आहे, ती कोणी विकू नये.' सौ. शालन गावंडे. टाळ्या." त्यांनी वही मिटली. "टाळ्यासुद्धा नोंदवल्या आहेत. गावंडेबाई, आता पाठ बदललीत का आपण?"

सगळे हसले. मला त्यांचा असा राग आला, की तिथला चहा मी तसाच ठेवून आले. पण रस्ताभर मनात हेच येत होतं, की अकरा वर्षांपूर्वी मी बोलले ते खोटं नव्हतं. आमच्या मंडळातली सोजरबाई साठीच्या पुढे आहे, तिच्याकडे दिवसाला तीनशे पोळ्या होतात. तिला मी कोणत्या तोंडाने सांगू, तुझी संध्याकाळ दे? दोन बैठका झाल्या. बावन्नपैकी मला सहा रविवार मिळाले, आणि ते सहाही मी स्वतःच देऊ केलेले होते.

'सोबत'च्या विश्वस्तांनी स्पष्ट सांगितलं होतं. रविवार जमले नाहीत तर निधी दुसऱ्या कामाला लावू, कामं भरपूर आहेत. त्यांचं काही चुकत नव्हतं. म्हणजे मला काय मिळवायचं ते जेवणाच्या रविवारी दुपारीच मिळवायचं होतं.

त्या रविवारी मी माझी खानावळ बंद ठेवली. माझी चाळीस पोरंपोरी वाढायला आली, समाधान त्यांचा म्होरक्या. आता तो एका अभ्यासिकेत व्यवस्थापक आहे, आणि रीतसर शिकून दर गुरुवारी 'सोबत'च्या फोनवर बसतो. पहाटे मी आणि त्याने मंडईत जाऊन वांगी निवडली. पुण्याच्या वांग्यांबद्दल माझं मत चांगलं नाही, पण त्या दिवशी बरी मिळाली. शनिवार पेठेत आम्ही जेवणासाठी घेतलेलं छोटं मंगल कार्यालय नऊ वाजताच फोडणीच्या वासाने भरून गेलं. भरडलेल्या डाळीचे गोळे घालून केलेला गोळाभात, चिंचेचं सार, पाटवडीचा रस्सा, भरीत, भाकर, शेवयांची खीर. गोळाभातावर मोहरी-हिंगाचं कडकडीत तेल वाढत्या पंगतीत गरमच पडलं पाहिजे, यावर मी अडून बसले होते.

बाराला पहिली पंगत बसली. हिंजवडीची पोरं, भोसरीचे जुने कामगार, विश्रांतवाडीहून आलेली कुटुंबं, निवृत्त झालेले दोन मोठे अधिकारी आणि त्यांच्या शेजारी त्यांच्याच कचेरीतला शिपाई. एका बाईंनी माझा हात धरून सांगितलं, "माझा भाचा होता हो." मी त्यांच्या पानात आणखी एक गोळा वाढला. दुसरं काय करणार होते? तिसऱ्या पंगतीला आमोद माईकवर ओरडला, "टार्गेट क्रॉस, लोकहो, टार्गेट क्रॉस!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण माझं लक्ष दाराकडे होतं.

कारण माझी पंगत शेवटची होती, अडीचची. सगळ्या खानावळवाल्यांना मी जातीने पास नेऊन दिले होते. रविवारची फीस्ट उरकल्याशिवाय त्यांना येता येणार नव्हतं. आम्ही लोक नेहमी शेवटीच जेवतो, तेही ओट्याशी उभ्याने. आले मात्र सगळे. घामेजलेले, हाताला हळदीचा वास, बायकांचे पदर खोचलेलेच. बावीस पानं मी एका ओळीत मांडली होती. मधोमध तात्याराव बसले आणि त्यांनी पानाकडे पाहिलं.

"जिलबी नाही? मठ्ठाही नाही? बरं. पैसे कुठे वाचवलेत ते कळलं."

"आधी जेवा. मग बोला," मी म्हटलं.

वाढणं सुरू झालं आणि मी माईक घेतला. काय बोलायचं ते मी आदल्या दिवशी कागदावर लिहिलं होतं, पण चष्मा स्वयंपाकघरात राहिला होता. मग सरळच सांगितलं. समाधानला आधी विचारलं होतं, तो म्हणाला होता, नाव घेऊनच सांगा. खिडकी सांगितली, मालिका सांगितली, बसस्टँड म्हणाले तेही सांगितलं. "अकरा वर्षांपूर्वीचा तो ठराव माझा होता," मी म्हटलं, "आणि आज मीच तुमच्याकडे मागतेय. बावन्न रविवार हवेत. सहा माझे. उरलेले तुमच्याकडे आहेत." आवाज कापत होता. मला कापऱ्या आवाजाचा तिटकारा आहे, विशेषतः माझ्या.

कोणी वर बघेना. सोजरबाईने डोळ्यांना पदर लावला, पण तीच हळूच म्हणाली, "शालन, तुझं खरं आहे गं. पण माझी कंबर कोण देणार मला?" हिंदुराव म्हणून मंडईमागचे एक खानावळवाले आहेत, त्यांनी घसा खाकरला आणि ते पाणी प्यायले. तात्याराव भात कालवत राहिले. मला वाटलं, संपलं. माईक खाली ठेवला आणि तेलाची कढई आणायला वळले, कारण पंगत तर पुरी करायची होतीच.

भरिताचं भांडं समाधानच्या हातात होतं. तो ओळीने वाढत चालला होता. सोजरबाईच्या पानाशी वाकून त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "मावशी, तुम्ही रविवारी संध्याकाळी काय जेवता?"

"मी? दुपारचं उरलेलं. पातेल्यातूनच."

"आणि काका तुम्ही?"

"खरं सांगू?" हिंदुराव म्हणाले. "वडापाव. कोपऱ्यावर जाऊन. स्वतःच्या हातचं बघवत नाही." ओळीत हशा झाला. मग एकेक जण सांगू लागला. कोणी फोडणीची पोळी, कोणी दूध-केळं, एक जण म्हणे सरळ झोपतो. चौदातलं जे एक जेवण आमचं म्हणून आम्ही भांडलो, ते आमच्यापैकी एकही जण धड जेवत नव्हता. मी स्वतः मालिका बघत शेंगदाणे खाते. हे मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं.

समाधान तात्यारावांपाशी पोचला. "तुम्ही, काका?"

"चहा-खारी."

"एकटेच?"

"एकटा कसा? खारी असते की."

पुन्हा हशा झाला. तात्याराव मात्र हसले नाहीत. त्यांची बायको जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगी नाशिकला. खानावळीत दिवसभर शंभर पोरांची ये-जा. बोटांनी भात सारखा करत ते म्हणाले, "साडेसातला सगळं आवरलेलं असतं. मग घड्याळ बघत बसतो. सोमवारच्या पोह्यांना किती तास राहिले ते मोजतो. आता यात हसण्यासारखं काही नाही, पण आपण हसू शकता."

"मीपण मोजायचो, काका," समाधान म्हणाला, आणि त्याने त्यांना भरीत वाढलं. एवढंच. तो पुढच्या पानाकडे सरकला.

तात्यारावांनी भरीत संपवलं. मग मान न उचलता म्हणाले, "गावंडेबाई, तो आपला तक्ता कुठे आहे?"

आमोदने केलेला बावन्न चौकोनांचा मोठा तक्ता भिंतीला लावलेला होता. मी म्हटलं, "आहे तिथे. जेवण झालं की या."

"जेवण झाल्यावर माझा विचार बदलतो, हा चाळीस वर्षांचा अनुभव आहे. पंगतीतून उठता येत नाही मला. इकडे आणा."

मी आणि आमोदने तक्ता भिंतीवरून काढला, दोन्ही टोकांना धरला आणि त्यांच्या पानापुढे उभा केला. उजवा हात सारभाताने माखलेला. तात्यारावांनी डाव्या हाताने स्केच पेन घेतलं आणि एका चौकोनात नाव लिहिलं. बालवाडीतल्या पोराचं असावं असं अक्षर. मग दुसऱ्या चौकोनात. मग तिसऱ्या.

"दान उजव्या हाताने करतात म्हणे," हिंदुराव म्हणाले.

"उजवा कामात आहे," तात्याराव म्हणाले. "आपला डावा रिकामा दिसतो. घ्या."

आणि पेन ओळीने फिरायला लागलं. आम्ही तक्ता धरून एकेका पानासमोर सरकत होतो, मागे पोरं भात वाढत होती, कोणाच्या नावावर साराचा थेंब पडत होता. हिंदुरावांनी दोन लिहिले, शेजारच्याने चिडवल्यावर तिसरा लिहिला. सोजरबाईपाशी आलो तेव्हा मी तक्ता पुढे न्यायला लागले. तिने माझं मनगट धरलं. "थांब की! पोळ्या नाही लाटणार मी, सांगून ठेवते. खिचडी टाकीन. खिचडीला कंबर लागत नाही." ती सही कधी करत नाही, अंगठाही तिला आवडत नाही. तिने चौकोनात एक फूल काढलं. मग आणखी एक काढलं. त्या दोन फुलांकडे बघून मला इतका आनंद झाला, की मी आमोदला सांगितलं, नीट धर, या फुलांवर सार सांडू देऊ नकोस.

ओळीच्या टोकाला पोचलो तेव्हा एक्कावन्न झाले होते. दिवाळीच्या आठवड्यातला रविवार तेवढा कोरा होता. त्याला कोणी हात लावला नव्हता. दिवाळीत पेठ ओस पडते, आम्ही सगळे आपापल्या घरचे होऊन जातो. मागे राहतात ती पोरं, ज्यांना निकाल न घेता गावी जायची लाज वाटते. अपेक्षा भिंतीशी उभी होती. तिच्या हळू आवाजात म्हणाली, "तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे खरं तर." ते सगळ्यांना ऐकू गेलं, इतकं शांत झालं होतं.

"माझं लिहा," तात्याराव ओळीच्या मधूनच म्हणाले. "आणि खिचडी नाही. दिवाळी आहे. चकली होईल, चिवडा होईल, आणि जिलबीसुद्धा होईल, कारण ज्यांनी आज केली नाही त्यांना दाखवायचं आहे."

मग जो गलका झाला तो मी विसरणार नाही. आमोद माईकवर "फिफ्टी टू! फिफ्टी टू!" ओरडत होता, पोरं पळ्या आणि परातींवर ठेका धरून नाचत होती, हिंदुराव पंगत सोडून उठले म्हणून तात्याराव त्यांना रागावत होते, आणि अपेक्षा, जिचा आवाज कधी वर जात नाही, ती चक्क शिट्टी वाजवत होती. मी रडले. बावीस जणांसमोर, भरपूर, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

पानं उचलताना समाधान माझ्याजवळ आला. "काकू, तक्ता पुढच्या रविवारपासून आहे."

"हो. मग?"

"मग आजचं काय करायचं? आजपण रविवार आहे ना."

मी पातेल्यांची झाकणं उघडून बघितली. पाय सुजले होते, पहाटे चारपासून उभी होते. पण गोळाभाताचं एक पातेलं जवळजवळ भरलेलं होतं, सारही होतं. मी तात्यारावांकडे पाहिलं. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि म्हणाले, "माझीच सगळ्यात मोठी. पातेल्याला पोचे आले तर भरून द्यावं लागेल."

हातगाडीवर दोन पातेली, एक परात आणि सोजरबाई, कारण तिला आता चालवत नव्हतं. मागे आम्ही पंधरा-वीस जण. शनिवारातून कसब्यात जाईपर्यंत लोक दारात येऊन विचारत होते, कसली मिरवणूक? आमोद सगळ्यांना एकच उत्तर देत होता, "रविवारची!" समाधानने अभ्यासिकांच्या सगळ्या ग्रुपवर निरोप टाकला, की साडेसातपासून तात्यारावांकडे, जेवण फुकट, टोमणे फुकट.

साडेसातला कोणी आलं नाही. पावणेआठला तात्याराव म्हणाले, "पोरं आपल्या वऱ्हाडाकडची असावीत. वेळ बरोबर पाळतात." आठच्या आधी दोघं आली, मग पाच, मग जागा पुरेना. साठाच्या वर पोरंपोरी होती. कोणी दुःखाबद्दल बोललं नाही. क्रिकेटवरून भांडले, एकमेकांच्या पानातले गोळे पळवले. अपेक्षा त्यांच्यातच एका बाकावर जेवत बसली होती.

उत्कर्षा नावाची एक मुलगी माझ्याकडे आली. मी तिला ओळखत नव्हते. "काकू, एक ताट पार्सल मिळेल?"

फुकट जेवणात पार्सल कसलं, हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. "कोणासाठी गं?"

"रूममेटसाठी. शुक्रवारपासून खोलीबाहेर आली नाही. नुसती म्हणते, झोपू दे. आज विचित्र काहीतरी बोलली." तिने मागे दाराकडे पाहिलं. "मला भीती वाटतेय. कोणाला सांगू तेच कळत नव्हतं."

मी अपेक्षाकडे बघितलं. तिने हात धुतलेसुद्धा होते. "मी येऊ तुझ्याबरोबर?" तिने उत्कर्षाला विचारलं. समाधानही उठला. मी डबा भरला, वर तेल घातलं, झाकण दोनदा दाबलं. तिघं गल्लीतून गेली.

त्यानंतरचा पाऊण तास मी काय केलं ते मला आठवत नाही. पोरं जेवून गेली, बाकं पुसून झाली. शटर ओढायची वेळ झाली होती, पण तात्याराव कोणालाच हात लावू देईनात. त्यांनी साराखालचा गॅस पेटवला, बंद केला, पुन्हा पेटवला. सोजरबाई डोळे मिटून बसली होती, ओठ हलत होते.

मग गल्लीत पावलं वाजली. समाधान पुढे होता, हातात डबा तसाच भरलेला. "काकू, ती म्हणाली इथेच येऊन जेवते," तो म्हणाला. त्याच्यामागे अपेक्षा, मागे उत्कर्षा, आणि उत्कर्षाचा हात धरून, केस विस्कटलेली, उजेडाने डोळे बारीक केलेली एक मुलगी. तात्यारावांनी काही टोमणा मारला नाही. त्यांनी पान मांडलं, पाणी ठेवलं, खुर्ची मागे ओढून दिली. मी भात वाढला आणि त्यावर गरम तेलाची धार सोडली.

तिघं गेली होती. चौघं परत आली.